नेहमीची कामं

डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर लिहिलं होतं, ‘पेशंटची प्रकृती स्थिर आहे. नेहमीची कामे करण्यास हरकत नाही.’ ते मी संस्थेच्या ऑफिसात नेऊन दिलं. क्लार्कबाईंनी दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “सर, नेहमीची म्हणजे नक्की कुठली हो?”

प्रश्न रास्त होता. एकोणीस वर्षं माझं नेहमीचं काम म्हणजे सकाळी शाळेच्या पोरांना फुटबॉल शिकवणं आणि संध्याकाळी त्याच संस्थेच्या क्लबची सीनियर टीम सांभाळणं. आम्ही जिल्हा लीगमध्ये खेळतो. पगार शाळेचा, क्लबचं मानधन पेट्रोलपुरतं. काँट्रॅक्ट अकरा महिन्यांचं, दर जूनमध्ये नवीन. बायपास होऊन तीन महिने झाले होते आणि यातलं काय अजून माझं आहे, हे मलाच माहीत नव्हतं.

तर सुरुवातीपासून.

ऑगस्टमधली मॅच. पुण्यातलं एसएसपीएमएसचं ग्राउंड, चार दिवसांचा पाऊस, गोलसमोर डबकं. सेकंड हाफमध्ये आमचा स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, लाइन धरत नव्हता म्हणून मी घसा फोडत होतो. एकदम डावा जबडा ठणकायला लागला. दाढ दुखते ना, तसा. मग खांदा. छातीत काहीही नाही, त्यामुळे हृदयाचा विचार मनात आलाच नाही. मॅचआधी दोन वडापाव झाले होते, म्हणून इनो घेतलं आणि स्कूटरवरून सहकारनगरला घरी आलो. पुढचे दोन दिवस प्रॅक्टिसही घेतली. हा शुद्ध मूर्खपणा होता. तिसऱ्या दिवशी घराचा जिना चढताना मध्येच बसलो, तेव्हा बायकोने रिक्षा बोलावली.

मनगटातून अँजिओग्राफी केली. तीन ब्लॉकेज, त्यातलं पुढच्या बाजूच्या मोठ्या धमनीतलं 90 टक्के. सर्जन रात्री राउंडला आले. “काय करता आपण?”

“फुटबॉल कोच आहे.”

“अरे वा! मग फिट असणार तुम्ही.”

हा गैरसमज सगळ्यांचाच असतो. पळतात ती पोरं. कोच लाइनवर उभा राहतो, चहा पितो, आणि पोरं पळून जे बाहेर काढतात ते तो आत साठवतो. सामना संपला की पोरांच्या अंगातून घाम निघालेला असतो, माझ्या अंगातून फक्त शिव्या. त्यात दिवसाला पाच-सहा सिगरेटी. बावन्नाव्या वर्षी धमन्यांनी बिल पाठवलं, इतकंच.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही, मी झोपलेलो होतो. छातीचं हाड कापून उघडतात, पायातली शीर आणि छातीच्या आतलीच एक धमनी वापरून नवे रस्ते काढतात, हाड तारेने बांधून बंद करतात. शुद्धीवर आल्यावर हातात तीन निळे बॉल असलेलं प्लॅस्टिकचं यंत्र दिलं. श्वास आत ओढून बॉल वर उचलायचे. नर्स म्हणाली, “तुम्ही बॉलवालेच ना? उचला मग.” एकही हलला नाही. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, कुशीवर झोपायचं नाही, तीन महिने स्कूटर बंद, वजन उचलणं बंद. दुधाच्या दोन पिशव्या आणल्या तरी सोसायटीतले लोक हातातून काढून घ्यायचे.

फोन बायकोच्या ताब्यात होता. टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तिने मला परस्पर बाहेर काढलं होतं. पहिल्या रविवारी मी विचारलं, “काय झालं मॅचचं?”

“ड्रॉ झाली म्हणे.”

दहा दिवसांनी भेटायला आलेल्या आमच्या गोलकीपरकडून कळलं, 4-0 ने हरलो होतो. तो बिचारा माफी मागायला आला होता आणि मी त्याला म्हणत होतो, ड्रॉ म्हणजे काही वाईट नाही.

मी नसताना टीम माझा असिस्टंट बघत होता. हा माझ्याच हाताखाली खेळलेला. सातवीत असताना आला तेव्हा डाव्या पायाने बॉल मारता येत नव्हता. पुढे आमचा कॅप्टन झाला, गुडघा गेल्यावर मी त्याला सोबत घेतलं, कोचिंगचं लायसन्स करायला लावलं. 4-0 नंतर त्याने दोन बदल केले आणि पुढच्या सहा मॅचेसमध्ये टीम फक्त एक हरली. हे मला कळत होतं आणि आनंद होत होता, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

झोप नीट लागायची नाही. पाठीवर पडून छताकडे बघण्यापेक्षा मी मोबाइलवर वाचायला लागलो. आजारी पडलेल्या फुटबॉल मॅनेजरांचं पुढे काय झालं, एवढंच मला हवं होतं. (तिकडे मॅनेजर म्हणतात तो आपल्याकडचा कोच. आपल्याकडे टीम मॅनेजर म्हणजे आयकार्डं आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा.) ते वाचले की गेले, यात मला रस नव्हता. परत आल्यावर त्यांना खुर्ची मिळाली का आणि किती दिवस टिकली, ते बघायचं होतं.

योहान क्रायफ बार्सिलोनाचा मॅनेजर असताना 1991 मध्ये त्याची बायपास झाली, वय त्रेचाळीस. परत आला तो सिगरेट सोडून, तोंडात लॉलीपॉप घेऊन. पुढच्याच वर्षी बार्सिलोनाने पहिल्यांदा युरोपियन कप जिंकला. हे वाचल्यावर मी मुलाला लॉलीपॉप आणायला सांगितले. दोन दिवस चघळले, मग डाएटिशियनने साखर मोजली आणि ते प्रकरण संपलं.

ग्रेम सूनेस लिव्हरपूलचा. 1992 च्या एप्रिलमध्ये तिहेरी बायपास, वय अडतीस. जेमतेम महिनाभराने वेम्बलीला एफए कपच्या फायनलला हा बेंचवर हजर, सोबत डॉक्टर. महिनाभराने मी सोसायटीच्या गेटपर्यंत चालून परत येत होतो. तो पुढेही पुष्कळ क्लब फिरला, तुर्कस्तानापासून पोर्तुगालपर्यंत. म्हणजे बाजारात भाव राहिला.

सर्वांत जास्त वेळ मी जेरार उलिएवर घालवला. हाही लिव्हरपूलचाच मॅनेजर. 13 ऑक्टोबर 2001, अ‍ॅनफील्डवर लीड्सशी मॅच, हाफ टाइमला छातीत दुखायला लागलं. महाधमनीचा आतला थर फाटला होता. अकरा तासांच्या आसपास ऑपरेशन चाललं. पाच महिन्यांनी रोमाविरुद्धच्या मॅचला तो परत लाइनवर आला तेव्हा लिव्हरपूलला दोन गोलांच्या फरकाने जिंकायचं होतं, आणि तसेच जिंकले. मधल्या काळात टीम त्याचा असिस्टंट फिल थॉम्पसनने सांभाळली होती. हा थॉम्पसन लिव्हरपूलचाच जुना कॅप्टन. इथे मी फोन बाजूला ठेवून जरा वेळ पंख्याकडे बघत बसलो.

तो सीझन लिव्हरपूल दुसरे आले. त्यानंतर जरा काही बिनसलं की लोक म्हणायला लागले, ऑपरेशननंतर हा पूर्वीचा राहिला नाही. 2004 मध्ये त्याला जावं लागलं. मग तो ल्योंला गेला आणि लागोपाठ दोन वर्षं फ्रान्सची लीग जिंकला. म्हणजे डोकं शाबूत होतं. पण एकदा आजारी पडलेल्या कोचने चुकीचा सब केला, म्हणजे चुकीचा बदली खेळाडू उतरवला, तर तो चुकीचा सब राहत नाही, ते लक्षण होतं. धडधाकट माणूस हरला तर हरला. हे मला नंतर स्वतःवरून पटलं.

ग्लेन रोडरचं तर फारच. वेस्ट हॅमचा मॅनेजर, 2003 च्या एप्रिलमध्ये मॅचनंतर कोसळला, मेंदूत ट्यूमर. टीम खालच्या लीगमध्ये गेली. हा बरा होऊन परत आला आणि ऑगस्टमध्येच काढला गेला. मला वाटलं, संपला विषय. पण तो दोनेक वर्षांनी न्यूकॅसलला गेला, तेही पोरांची अकादमी सांभाळायला. 2006 मध्ये क्लबने सीनियर टीमच्या मॅनेजरला हाकललं आणि टीम रोडरच्या हातात दिली. त्याने ती सातव्या नंबरपर्यंत आणली. आणि हाकललेला मॅनेजर कोण? ग्रेम सूनेस. बायपासवाल्याच्या खुर्चीत ट्यूमरवाला. पहाटे तीनला मी एकटाच हसलो आणि टाके दुखले.

टिटो व्हिलानोव्हाचं वाचलं आणि त्या रात्री पुढे वाचलं नाही. बार्सिलोनाला 100 पॉइंट्सनी लीग जिंकून दिली, त्यातले काही आठवडे हा न्यूयॉर्कमध्ये कॅन्सरचे उपचार घेत होता. दुसऱ्या वर्षी गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. आणि आपले रहीमसाहेब तर आहेतच. हैदराबादचे शिक्षक, भारताच्या टीमचे कोच. 1962 ला जकार्तात एशियन गेम्सचं सुवर्ण, फायनलमध्ये दक्षिण कोरियाला 2-1, डोक्याला टाके घातलेल्या जर्नेल सिंगला डिफेन्समधून उचलून पुढे खेळवलं आणि त्याने गोल मारला. फुप्फुसाचा कॅन्सर असलेल्या माणसाचा हा डाव. पुढच्या जूनमध्ये ते गेले. त्यानंतर भारताला एशियन गेम्सचं फुटबॉलमधलं सुवर्ण मिळालेलं नाही.

अर्थात या सगळ्यांची आणि माझी तुलना म्हणजे अंगणातल्या डबक्याची खडकवासल्याशी. त्यांना क्लब होते. पुण्यात कोचच्या आधी क्लबच आजारी पडतात. पुणे एफसी 2007 ला निघालं, 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरं आलं, आज नाही. एफसी पुणे सिटी बालेवाडीला आयएसएल खेळलं, 2019 नंतर तेही नाही. तिथले कोच ठणठणीत होते.

डिसेंबरमध्ये ट्रेडमिल टेस्ट झाली. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. सुरुवातीला ताशी 2.7 किलोमीटर, पण 10 टक्के चढ. मी नऊ मिनिटं टिकलो. कार्डिऑलॉजिस्ट खूश. मी लगेच विचारलं, “मग लाइनवर उभा राहू का?”

“उभे राहा की. ओरडता किती?”

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, “डॉक्टर, समोरच्या बिल्डिंगमधले लोक ह्यांना ओळखतात ते आवाजावरून. चेहरा माहीत नाही त्यांना.”

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. चालताना हृदय हळूहळू वेग घेतं, ते झेपतं. जागेवर उभं राहून मुठी आवळून ओरडलं की बीपी झटक्यात वर जातं, शरीर मात्र जागच्या जागी. चढायचं ते ट्रेडमिलसारखं चढावं, लिफ्टसारखं नको. मग ते म्हणाले, अंदाजपंचे कशाला, होल्टर लावून एक मॅच करा.

होल्टर म्हणजे चोवीस तास ईसीजी घेणारी डबी. छातीला चिकटपट्ट्या, कमरेला डबी, वर जॅकेट. सोबत वही, कधी काय केलं ते लिहायचं. जानेवारीतल्या एका फ्रेंडली मॅचला मी पाहुणा म्हणून बेंचच्या टोकाला बसलो, बायको मागे जिभेखाली ठेवायची गोळी पर्समध्ये घेऊन. आम्ही एक गोल खाल्ला, दोन मारले, रेफरीने एक सरळसरळ पेनल्टी दिली नाही. मी तोंडात वेलदोडा धरून बसलो.

रिपोर्ट बघताना डॉक्टरांचं बोट एका टोकावर थांबलं. “गोलच्या वेळी ठोके 84, 88. गोळ्या चालू आहेत म्हणून दबलेले आकडे आहेत हे. पण तीन चाळीसला 121 कसा? वहीत काही लिहिलेलं नाही तुम्ही.”

तीन चाळीसला मॅच सुरूच झाली नव्हती. आठवायला वेळ लागला. तेव्हा असिस्टंटने टीमशीट भरली होती. हेड कोचच्या रकान्यात त्याने स्वतःचं नाव लिहिलं, सही केली, आणि पेन माझ्याकडे देत म्हणाला, “सर, ठेवा ना जरा खिशात.”

डॉक्टरांना मी सांगितलं, जिना चढलो होतो.

संस्थेतली मीटिंग त्यानंतरच्या आठवड्यात. चहा, बिस्किटं, सगळे अतिशय प्रेमाने बोलत होते. “सर, तुम्ही आमची अ‍ॅसेट आहात. आता दगदग नको. तुम्ही मेंटॉर व्हा.” मेंटॉरचं काम काय, विचारलं. मार्गदर्शन. ग्राउंडवर कधी यायचं? तुम्हाला वाटेल तेव्हा. पगार? तो बघू, जूनमध्ये स्ट्रक्चर बदलतंय. कुणी वाईट बोललं असतं तर भांडता आलं असतं, मला भांडता येतं. पण समोरचा माणूस तुमच्या तब्येतीच्या काळजीने तुमची शिट्टी काढून घेत असेल तर भांडणार कसं? आवाज चढवला तर तोच म्हणणार, बघा, म्हणूनच म्हणतोय. मी एवढंच म्हटलं, “ट्रेडमिलचा रिपोर्ट जोडलाय. तुमच्यापैकी कुणाचा याहून चांगला असेल तर मी मेंटॉर होतो.” एक जण हसला. बाकीच्यांनी बिस्किटं घेतली.

दरम्यान एका अकादमीतही जाऊन आलो. वाकडकडची, टर्फवाली. तिथला तिशीतला मुलगा फार नम्रपणे बोलला, अनुभवाचं कौतुक केलं, शेवटी विचारलं, “सर, एनर्जी लेव्हल कशी आहे आता?” मी म्हटलं, रोज पर्वती चढतो, 103 पायऱ्या, न थांबता. तो म्हणाला, ग्रेट. पुन्हा फोन आला नाही. इथे मी स्वतःहून आजार सांगितला होता. सांगावा की नाही यावर घरात आमचे दोन पक्ष आहेत, अजूनही.

मग मी असिस्टंटला चहाला बोलावलं. अमृततुल्यमध्ये, नेहमीच्या बाकावर. माझा बिनसाखरेचा.

“तुला काय वाटतं, खरं सांग.”

त्याने बराच वेळ ग्लास फिरवला. “सर, खरं सांगू? तुम्ही परत आलात तर मला बरं वाटेल. आणि नाही आलात तरी बरं वाटेल.”

त्या सगळ्या महिन्यांत माझ्याशी कुणीही इतकं सरळ बोललं नव्हतं. त्याचं लग्न ठरलेलं, घराचा हप्ता चालू, आणि टीम खरोखर चांगली खेळत होती. मी त्याला विचारलं, लेफ्ट बॅकला आत खेचून खेळवतोस ते कुठून आणलंस? म्हणाला, तुमच्यासमोर तसं करायची हिंमतच नव्हती. आता हे ऐकून मी काय करायला हवं होतं? चहाचे पैसे दिले.

घरी येऊन रोडर आठवला. संस्थेला पत्र लिहिलं. मेंटॉर होणार नाही. अंडर-थर्टीन पूर्ण माझ्याकडे द्या, आठवड्याचे पाच दिवस, पगार आहे तोच. सीनियर टीम त्याची, बेंचवर मी असिस्टंट म्हणून बसेन, टीमशीटवर तसं लिहा. सोबत दर सहा महिन्यांनी तपासणीचा रिपोर्ट देईन, खर्च माझा. आणि डॉक्टरांकडून नवं सर्टिफिकेट घेतलं. ‘नेहमीची कामे’ खोडून त्यांना लिहायला लावलं: रोज दोन तास मैदानावर उभे राहून प्रशिक्षण, प्रात्यक्षिकासह. ते म्हणाले, असं कुणी मागत नाही हो. क्लार्कबाईंनी मात्र एकदा वाचून फाइलला लावलं.

पगार चार हजारांनी कमी झाला. जूनचं काँट्रॅक्ट आलं, अकरा महिन्यांचंच. पुढच्या जूनचं पुढच्या जूनमध्ये.

बारा वर्षांच्या पोरांवर ओरडून काही उपयोग नसतो हे मी विसरून गेलो होतो. त्यांना लांबून ऐकूच येत नाही, ती बॉलमागे असतात सगळीच्या सगळी. जवळ जाऊन, खांद्याला धरून उभं करावं लागतं: इथे थांब, आता बघ कोण मोकळा आहे. दोन तासांत मी पाचेक किलोमीटर चालतो, फोनवर दिसतं. एकदा मात्र ओरडलो. एक पोरगा गोलपोस्टच्या आडव्या दांडीला लोंबकळत होता. ओरडलो, आणि लगेच मनगटावर बोटं ठेवून उभा राहिलो. पोरं घाबरून माझ्याकडे बघत होती. त्यांना वाटलं, मी घड्याळ बघतोय.

सीनियर टीमच्या बेंचवर अजून अवघड जातं. हात आपोआप वर होतो, मग मी तो डोक्यावरून फिरवतो. रेफरी ओळखीचे आहेत, ते गोल झाला की सवयीने माझ्याकडे बघतात. माझा जुना असिस्टंट बघतो की ते माझ्याकडे बघतात.

गेल्या शनिवारी रात्री दहाला त्याचा फोन. दुसऱ्या दिवशी वरच्या टीमशी मॅच. लेफ्ट बॅकला दोन दिवस ताप होता, आता उतरलाय, खेळवू का? मी म्हटलं, अजिबात नको, बसव. तापातून उठलेला पोरगा, साठ मिनिटांत पाय ओढायला लागेल, मी सांगतो ना. बरं सर, म्हणाला.

त्याने खेळवला. पोरगा पूर्ण वेळ पळला आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्याच्याच क्रॉसवर गोल झाला. 1-0.

घरी आलो, बूट काढले. बायको आतून म्हणाली, “काय झालं हो मॅचचं?”

“ड्रॉ,” मी म्हटलं.